साबणातले दात

सोमवारी सकाळी साडेसातला बोट पाण्याबाहेर आली. दोन दिवस ती उताराच्या रुळांवर उभी राहील आणि बुधवारी सहाच्या फेरीला पुन्हा पाण्यात जाईल, असा कागद तिकीटखिडकीवर आदल्या आठवड्यापासून लावलेला होता. चाळीस माणसांची बोट. दिवसाला अकरा फेऱ्या, या काठावरून त्या काठावर. हे दोन दिवस लोकांना छोट्या बोटीतून दाटीवाटीनं जावं लागे, आणि ते कुरकुरत जात.

वर्षातून एकदा बोटीचं ड्राइव्ह उघडून बघायचं, असा नियम होता. ड्राइव्ह म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात उतरलेला धातूचा पाय. इंजिनाचा जोर त्यातल्या उभ्या शाफ्टनं खाली येतो, तळाशी गिअरांची जोडी त्याला आडवं वळवते आणि पंखा फिरतो. सगळा भार त्या गिअरांच्या दातांवर. दात किती झिजले आणि अजून एक वर्ष निघेल का, एवढंच ठरवायचं असतं. ते मिस्त्री ठरवत असे. त्याचा शब्द शेवटचा, कारण त्याच्यानंतर बघणारं कोणी नव्हतं.

मिस्त्री सत्तावन्न वर्षांचा होता. बावीस वर्षं हे काम दोघांनी केलं होतं. दुसरा त्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली साडूची, धाकटी मिस्त्रीची. धाकटी चार वर्षांपूर्वी गेली. साडू आणि थोरली आठ महिन्यांपूर्वी मुलाकडे राहायला गेले, रेल्वेनं सतरा तासांच्या अंतरावर. साडूच्या जागी कोणाला नेमलं नाही. त्याचा निळा डगला शेडच्या खुंटीवर महिनाभर होता, मग मिस्त्रीनं तो घडी करून कपाटात ठेवला, कारण दारातून आत येताना दर वेळी तिथे माणूस उभा आहे असं वाटायचं.

मॅनेजरनं आदल्या शुक्रवारी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. तो पस्तिशीचा, कामाचा माणूस. कोणाच्या वाईटावर नव्हता.

"मिस्त्री, गिअर पास झाले तर आहे तसं अजून एक वर्ष चालवू. नापास झाले तर नवीन युनिट घेऊ. ते सीलबंद असतं. बिघडलं तर त्यांची माणसं येतात, अख्खं बदलून जातात. मग शेड ठेवण्यात अर्थ नाही. तुम्हालाही मोकळं करू. सन्मानानं."

"सन्मानानं म्हणजे शाल देणार का?"

"हवी असेल तर देऊ की."

रविवारी साडूचा फोन आला तेव्हा मिस्त्रीनं हे त्याला सांगितलं.

"मग बरंच झालं," साडू म्हणाला. "गिअर गेले की ऊठ आणि ये. मागची खोली रिकामीच आहे. खिडकी लहान आहे, पण तुला कुठे खिडकीत बसून कविता करायच्यात."

"आणि नाही गेले तर?"

"तरी ये. सोड नोकरी."

"मग उघडणार कोण?"

उत्तर साडूला ठाऊक होतं. मिस्त्री सोडून गेला तर एका वर्षासाठी कोणी नवा माणूस नेमणार नाही. ड्राइव्ह न उघडता चालवलं जाईल, आणि त्यावर दिवसाला अकरा वेळा चाळीस माणसं बसतील. हे दोघांपैकी कोणाच्याच घशाखाली उतरणारं नव्हतं.

म्हणजे गिअर पास झाले तर आणखी एक वर्ष एकट्यानं, नापास झाले तर मागची खोली, असा तो मामला होता. आणि निकाल लिहिणारा माणूस एकच.

सोमवारी मिस्त्रीनं आधी तेल सोडलं. तेल काळपट होतं, पण दुधाळ नव्हतं. म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही. खालच्या प्लगला लोहचुंबक असतो, त्यावर झिजलेल्या लोखंडाची पूड जमते. त्यानं ती बोटाच्या चिमटीत चोळून बघितली. काजळासारखी मऊ. खरखर नाही, कपचे नाहीत. आतापर्यंत सगळं ठीक.

मग डायल गेज, म्हणजे काट्याचं बारीक मापयंत्र, लावलं. दातात दात बसलेले असले तरी मधे केसाएवढी फट राहते, तेवढा गिअर मागेपुढे हलतो. त्याला शेडमधे 'प्ले' म्हणत. झीज वाढली की प्ले वाढतो. पंचेचाळीस शतांश मिलिमीटरपर्यंत चालतो, त्यापुढे नाही. मोजायची पद्धत अशी, की एकानं खाली पंख्याचा शाफ्ट मागे ओढून घट्ट धरायचा, म्हणजे गिअर आपल्या बेअरिंगवर नीट टेकतो. दुसऱ्यानं वर उभा शाफ्ट हलक्या हातानं इकडेतिकडे करायचा आणि काटा वाचायचा. बावीस वर्षं साडूनं ओढलं आणि मिस्त्रीनं वाचलं.

यंदा मिस्त्रीनं शाफ्टला दोरी बांधली, दोरी शेडच्या खांबाला ताणून बांधली आणि वर येऊन काटा बघितला. बावन्न. दोरी पुन्हा ताणली. एकेचाळीस. तिसऱ्यांदा सत्तेचाळीस. मागच्या वर्षीचा आकडा होता चौतीस.

तीनपैकी दोन आकडे नापासाचे होते. मोठा आकडा लिहून टाकला असता तर कोणी विचारायला येणार नव्हतं. त्यानं तिन्हींतला एकही लिहिला नाही. एकच गिअर तीन वेळा तीन गोष्टी सांगत असेल, तर तो गिअर बोलत नाही, दोरी बोलते, एवढं त्याला कळत होतं. तो शिडी चढून वर बोटीत गेला.

वर कप्तान होती. पंचेचाळिशीची बाई, अठरा वर्षं हीच बोट चालवत आलेली. ती बाकांखालून लोकांनी चिकटवलेलं च्युइंग गम खरवडून काढत होती.

"कप्तान, जरा हात द्याल का?"

"कुठे?"

"खाली. शाफ्ट ओढून धरायचाय."

"म्हणजे साडूंची जागा मला? ही बढती समजायची की शिक्षा?"

"पगार तोच."

"मग शिक्षा." ती पातं खाली ठेवून उठली. "किती वेळ धरायचं?"

"मी सांगेपर्यंत."

"आमचे हे पण असंच म्हणतात. दुकानात पिशव्या हातात देतात, मी सांगेपर्यंत म्हणतात, आणि चप्पल बघायला जातात."

तिनं एक पाय ड्राइव्हच्या बुडाला टेकवला, दोन्ही हातांनी शाफ्ट धरला आणि मागे झुकली. मिस्त्रीनं वर काटा बघितला. छत्तीस. पाव फेरा फिरवून पुन्हा. छत्तीस. मग सदतीस, मग पस्तीस.

"सोडा."

"पास?"

"हे पास. उद्या दात बघायचे."

"तुमचं तोंड नापास झाल्यासारखं दिसतंय."

"आकडा वाचताना तोंड असंच होतं."

"बावीस वर्षं बघतेय मी." ती हात पुसत म्हणाली.

"अठरा."

"हं. अठरा." ती शिडी चढता चढता थांबली. "साडूंशी बोलता का रोज?"

"रविवारी."

"मी बहिणीशी रोज बोलते. भांडतो. पण बोलतो."

मिस्त्रीच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या. एकीवर तो बसे, दुसरीवर वाळलेले कपडे असत, आणि लागेल तसा त्यातला एकेक अंगावर जाई. त्या संध्याकाळी त्यानं सात वाजता दुकानदाराला "सुट्टे नाहीत" असं सांगितलं. त्यानंतरचं वाक्य तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वॉचमनशी बोलला. मधले साडेबारा तास तो गप्प होता. त्यात विशेष काही नव्हतं. मंगळवार वगळता बाकीचे दिवसही असेच जात; मंगळवारी खालच्या बाई जिन्याच्या झाडलोटीबद्दल विचारायला येत.

मंगळवारी दात.

पंख्याचा शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर काढला की गिअर हातात येतो. मिस्त्रीनं तो रॉकेलनं धुतला, फडक्यानं कोरडा केला आणि खिडकीपाशी नेला. सात नंबरच्या दातावर बारीक खड्ड्यांची एक पट्टी होती. सहा वर्षांपूर्वी ती प्रथम दिसली, तेव्हापासून दर वर्षी तोच दात बघायचा, असं ठरलेलं. खड्डे असणं वाईट नाही. नव्या बुटानं पायाला एकदा घट्टा पडतो तसे ते एकदा पडतात आणि थांबतात. वाढत असतील तर मात्र दात आतून फुटायला लागलाय. वर्षात अर्ध्या मिलिमीटरनं पट्टी वाढली की गिअर बदलायचा.

अडचण अशी होती, की दाताला बाक असतो आणि पट्टी खोलगट जागी होती. मापाचा चिमटा तिथे नीट बसत नसे. यावर साडूनं आपला उपाय काढला होता. कपडे धुवायच्या साबणाची ताजी, मऊ वडी घ्यायची, दाताला तेलाचा हात लावायचा आणि वडी त्यावर दाबायची. दात साबणात उमटतो. दातावरचा खड्डा साबणात उंचवटा होऊन येतो, आणि मग सपाटीवर ठेवून आरामात मोजता येतो. दर वर्षीची वडी साडू कागदात गुंडाळून, तारीख टाकून एका लाकडी पेटीत ठेवत असे. हे काम पूर्ण त्याचं होतं. तो खिडकीपाशी उभा राहून वड्या बघे, कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी आकडेमोड करी, चिठोरा चुरगळून टाकी आणि म्हणे, "वाढ नाही." मिस्त्री रजिस्टरात लिही, वाढ नाही.

यंदा मिस्त्रीनं स्वतः वडी आणली, दाबली, सोडवली. ठसा स्वच्छ आला. पट्टी मोजली. अकरा पूर्णांक नऊ.

पेटीतून मागच्या वर्षीची वडी काढली. अकरा पूर्णांक एक.

त्यानं दोन्ही पुन्हा मोजल्या. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजल्या. आकडे हलले नाहीत. आठ दशांशाची वाढ. अर्ध्याच्या पुष्कळ वर. गिअर नापास.

हात धुताना त्याच्या लक्षात आलं, की आपण मागच्या खोलीत खुंटी कुठल्या भिंतीला ठोकायची याचा विचार करतोय.

अकरा वाजता मॅनेजर आला. त्यानं दोन्ही वड्या शेजारी ठेवून बघितल्या.

"मला यातलं कळत नाही, पण ही पट्टी लांब दिसतेय."

"आठ दशांश."

"म्हणजे?"

"म्हणजे बदलायचं."

मॅनेजरनं सुस्कारा सोडला, पण तो सुटकेचा होता आणि त्यानं ते लपवलं नाही. "खरं सांगू, माझ्या डोक्याचा ताप गेला. चार वाजेपर्यंत लेखी द्या, आजच ऑर्डर टाकतो. नवीन येईपर्यंत छोटी बोट आहेच." दारात जाऊन तो परत वळला. "तुम्हाला वाईट वाटत असेल."

"वाटेल," मिस्त्री म्हणाला.

एक वाजता त्यानं डबा उघडला आणि साडूला फोन लावला. तिकडे नात रडत होती, टीव्ही चालू होता, आणि साडू नेहमीप्रमाणे फोन उचलून आधी दुसऱ्याच कोणाशी तरी बोलला.

"अगं, तिला घे ना जरा. हां, बोल. मंगळवारी कसा काय फोन?"

"वड्या मोजल्या. आठ दशांश वाढलीय पट्टी."

तिकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"आठ," साडू म्हणाला.

"तीनदा मोजलं."

"मागच्या वर्षीच्या वडीशी?"

"मग आणखी कशाशी?"

मिस्त्रीला वाटलं, फोन कटला. "आहेस का?"

"आहे, आहे. बरं. मग... बरंच झालं म्हणायचं."

मागून थोरलीचा आवाज आला, "काय झालं? येतायत का?" आणि पाठोपाठ फोन तिच्या हातात गेला. "भाऊजी, येताय ना? हे दिवसभर गॅलरीत उभे असतात. खालच्या गाड्या मोजतात. मला म्हणतात, या गाडीचा क्लच गेलाय, त्या गाडीचा पट्टा गेलाय. मी काय करू त्या पट्ट्याचं?"

"येईन, ताई. बघतो."

"बघतो काय, या. माझ्याही डोक्याला तेवढाच आराम."

डबा संपवून मिस्त्री आवराआवर करायला लागला. ताजी वडी कागदात गुंडाळली, तारीख टाकली आणि पेटीत ठेवायला गेला. पेटीच्या तळाशी एका फडक्यात काहीतरी जड होतं. त्यानं सोडून बघितलं. दहा मिलिमीटरचा साधा बोल्ट, टोक घासून सपाट केलेला.

तो बोल्ट त्यानं ओळखला. साडूच्या प्रत्येक वडीवर दाताच्या ठशाशेजारी एक गोल खळगा असे. साडू दात दाबायच्या आधी बोल्ट दाबून साबण पुरेसा मऊ आहे का ते बघतो, असं मिस्त्रीनं इतकी वर्षं धरलं होतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं. आपल्या वडीवर त्यानं खळगा केलाही नव्हता, कारण साबण मऊ आहे हे अंगठ्याला कळत होतं.

हाताला चाळा म्हणून त्यानं बोल्ट मागच्या वर्षीच्या खळग्यात बसवायला बघितला. तो बसेना.

त्यानं बोल्ट फिरवून पुन्हा टेकवला. खळग्याच्या काठावर तो अडून राहिला. ज्या बोल्टनं हा खळगा झाला, तोच बोल्ट त्यात जात नव्हता.

मिस्त्री स्टुलावर बसला. मग उठून चिमटा आणला आणि खळगा मोजला. नऊ पूर्णांक तीन. वर्षभरात साबण सुकला होता, आणि सुकताना आक्रसला होता. त्याच्याबरोबर खळगा आणि पट्टीही. दहाचे नऊ पूर्णांक तीन झाले असतील, तर आज अकरा पूर्णांक एक दिसणारी पट्टी गेल्या वर्षी किती असेल, हा चौथीतला त्रैराशिकाचा प्रश्न होता. त्यानं तो कागदाच्या चिठोऱ्यावर सोडवला. अकरा पूर्णांक नऊ.

यंदाची अकरा पूर्णांक नऊ. वाढ शून्य.

त्याआधीच्या दोन वर्षांच्या वड्याही त्यानं काढल्या. खळगे नऊ पूर्णांक दोन, पट्ट्या दहा पूर्णांक नऊ. हिशेब करून दोन्ही अकरा पूर्णांक आठच्या किंचित पुढे. खड्डे तीन वर्षांपूर्वीच थांबले होते. गिअर उत्तम होता. चिठोऱ्यावर साडू काय करत असे, तेही आता कळलं.

तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पावणेचारपर्यंत मिस्त्री शेडमधे बसून होता. वॉचमननं एकदा डोकावून चहा विचारला, त्यानं मान हलवली. हो की नाही ते वॉचमनला कळलं नाही, तो निघून गेला.

मिस्त्रीनं विचार नीट, बाजूबाजूनं केला. काही न बोलता 'बदलावे' लिहिलं, तर मॅनेजरला हवं ते मिळणार होतं. प्रवाशांना कोरं ड्राइव्ह मिळणार होतं. थोरलीच्या डोक्याला आराम. साडूला गाड्यांचे पट्टे ऐकवायला माणूस. त्याला स्वतःला सकाळी साडेसातच्या आत बोलायला कोणीतरी. कोणाचं काडीचं नुकसान नव्हतं. खोटं एवढंच होतं, की गिअर चांगला होता.

त्यानं रजिस्टर उघडलं. रकाना होता 'मोजलेली वाढ'. तिथे शब्द चालत नसत, आकडा लागे. त्यानं पेन टेकवलं आणि तसंच धरलं. आठ हा आकडा सकाळी त्यानं प्रामाणिकपणे काढला होता आणि सकाळी लिहिला असता तर त्याला झोप लागली असती. आता तो साबणाचा आकडा होता. गिअरचा आकडा दुसरा होता, आणि रजिस्टर गिअरचं होतं.

त्यानं लिहिलं, शून्य. पुढच्या रकान्यात, 'चालेल. एक वर्ष.' खाली सही.

मग यंदाच्या वडीवर बोल्ट दाबायला घेतला, पण सकाळभर उघडी राहिलेली वडी वरून थोडी आवळली होती. सुकायला सुरुवात झालेली. त्यानं उरलेल्या साबणातून नवी वडी कापली, सात नंबरचा दात पुन्हा दाबला, शेजारी बोल्ट दाबला, आणि जुनी वडी हात धुवायच्या जागी ठेवून दिली.

मॅनेजर रजिस्टर वाचून खुर्चीत मागे रेलला.

"सकाळी आठ होतं."

"सकाळी मी साबण मोजला. गिअर दुपारी मोजला."

"मिस्त्री, माझी थट्टा करताय का?"

"नाही साहेब." त्यानं बोल्ट आणि मागच्या वर्षीची वडी टेबलावर ठेवली आणि चार वाक्यांत समजावलं. मॅनेजरनं स्वतः बोल्ट खळग्यात घालून बघितला. हुशार माणूस, त्याला दुसऱ्याच वाक्याला कळलं होतं.

"हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला आयुष्यात कळलं नसतं."

"हो."

"तुम्हाला जायचं होतं ना? कप्तान म्हणत होत्या, साडूंकडे."

"कप्तानना बोटीत वेळ फार मिळतो."

मॅनेजरनं वडी परत दिली. "म्हणजे आता अजून एक वर्ष."

"एक वर्ष. पुढच्या वेळी शाफ्ट धरायला माणूस लागेल. दोरीनं होत नाही."

"बघू," मॅनेजर म्हणाला, आणि 'बघू'चा अर्थ दोघांनाही माहीत होता.

ड्राइव्ह जोडून, तेल भरून, प्लग आवळून मिस्त्री सव्वासातला घरी आला. चपला काढायच्या आधीच त्यानं फोन लावला. साडूनं पहिल्याच घंटेला उचलला, आणि या वेळी आधी दुसऱ्या कोणाशी बोलला नाही.

"बोल."

"पेटीत बोल्ट सापडला."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वाढ शून्य आहे. तसं लिहून दिलं."

"हं."

"तू मला सांगितलं नाहीस कधी, बोल्ट कशाला ते."

"तू विचारलं नाहीस कधी."

"बावीस वर्षांत."

"सहा. आधी खड्डे नव्हते." साडूला आकडा चुकलेला खपत नसे. मग तो म्हणाला, "मला वाटायचं तुला माहीत आहे. इतकी साधी गोष्ट."

"दुपारी मी आठ म्हणालो. तेव्हा तुला कळलं असेल."

साडूनं घसा खाकरला.

"विसरलास का?"

मिस्त्रीनं हा प्रश्न अशा आवाजात विचारला, की हो म्हणणं सोपं जावं.

"नाही," साडू म्हणाला. "विसरलो नव्हतो."

मिस्त्रीनं एका हातानं चपला काढल्या, दिवा लावला. खुर्चीवर बसायला गेला तर ती कपड्यांची निघाली; तो दुसरीवर बसला.

"रागावलास?" साडूनं विचारलं.

"नाही."

"राग यायला हरकत नाही."

"नाही आला. मी पण दीड तास बसलो होतो रजिस्टर उघडायच्या आधी."

"दीड तास?"

"पाच मिनिटं जास्तच."

साडू नाकातून हसला. त्या हसण्यानंतर दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचेना. साडूनं विचारलं, बेअरिंगला ग्रीस नवीन भरलंस का. मिस्त्री म्हणाला, भरलं. साडूनं विचारलं, प्ले किती. मिस्त्रीनं सांगितलं, छत्तीस, कप्ताननं ओढलं. "बाई दमदार आहे," साडू म्हणाला. "पण पाय कुठे लावला तिनं? डावा लावायला सांग. उजवा लावला की कंबर जाते, माझी गेली." मिस्त्री म्हणाला, सांगतो. मग तेही विषय संपले.

फोन ठेवतो असं कोणी म्हणालं नाही. मिस्त्रीनं स्पीकर चालू करून फोन ओट्यावर ठेवला आणि गॅस पेटवला. तिकडे साडूनंही तो कुठेतरी टेकवला असावा, कारण आता त्यांचं सगळं घर ऐकू येत होतं. कपाटाचं दार, थोरलीच्या सपाता, टीव्हीवरच्या बातम्या, सून कोणाला तरी फोनवर उद्याच्या मीटिंगबद्दल सांगत होती. थोरली म्हणाली, "कोणाचा फोन आहे? भाऊजींचा? मग बोलत का नाही?" साडू म्हणाला, "बोलतोय." ती म्हणाली, "हे असं?" तो म्हणाला, "हे असंच."

मिस्त्री ताटात वाढून घेऊन ओट्यापाशीच उभा राहिला आणि तिथेच जेवला. तिकडेही ताटं मांडल्याचा आवाज आला. साडूचा खोकला आला. कोणीतरी मीठ मागितलं. नात आजोबांच्या मांडीवर चढत असावी, कारण साडू म्हणत होता, हळू, अगं हळू, चष्मा. मग खूप जवळून, थेट कानात आल्यासारखा एका लहान मुलीचा श्वास ऐकू आला. तिला स्क्रीनवर काहीतरी लाल दिसलं असणार. तिनं ते दाबलं, आणि फोन बंद झाला.